डाव्या गालावरची तीट

१

स्वानंदी दुपारची झोपली की संपदा भिंती करायला बसायची.

भिंती म्हणजे हेडसेटमधल्या. इंदिरानगरातल्या ज्या छोट्याशा कंपनीत ती होती, ती कंपनी न बांधलेले फ्लॅट दाखवायची. गिऱ्हाईक डोळ्यांवर हेडसेट चढवणार, चाचपडत चार पावलं टाकणार आणि जिथे अजून नुसता खड्डा खणलाय तिथल्या वरच्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून "वारा छान येईल इथे" म्हणणार. त्या फ्लॅटमधले सगळे पृष्ठभाग संपदाकडे: भिंतीचा रंग, फरशीचा खरखरीतपणा, लाकडाच्या रेषा, पडद्याचा पोत. तिच्या आईला हे काम कधीच नीट कळलं नाही. पुण्यात ती सगळ्यांना "आमची संपदा बंगलोरला रंगकाम करते" असं सांगायची, आणि संपदालाही ते फारसं चुकीचं वाटत नसे.

तिचं मुख्य हत्यार म्हणजे ड्रॉपर. हातातला कंट्रोलर एखाद्या वस्तूवर रोखायचा, चाप दाबायचा, की वस्तूशेजारी हवेत छोटी पाटी उघडते. पाटीवर त्या जागेचा रंग, आणि खाली टेक्स्चरचं नाव. तो रंग उचलून दुसरीकडे कुठेही लावता येतो. हेडसेटच्या बाजूला आणखी एक बटण होतं. ते दाबलं की बांधलेलं घर नाहीसं होऊन कॅमेऱ्यांतून स्वतःची खरी खोली दिसायची, थोडी भुरकट. संपदा हे बटण कामाच्या बटणांपेक्षा जास्त वापरायची. दर थोड्या वेळाने कॉटकडे बघायचं, छाती वरखाली होतेय ना बघायचं, परत भिंतीकडे. खऱ्या खोलीतल्या कशावर चुकून चाप दाबला गेला तर पाटीवर कॅमेऱ्याचा रंग यायचा आणि खाली 'नो मटेरिअल'. बरोबरच होतं. खऱ्या वस्तूला कुणी टेक्स्चर लावलेलं नसतं.

त्या दुपारी तिनं बटण दाबलं. कॉट दिसली, जुन्या साड्यांच्या गोधडीतून बाहेर आलेलं स्वानंदीचं डोकं दिसलं, आणि डाव्या गालावरची काजळाची तीट. आंघोळीनंतर मांडीवर घेऊन रोज लावलेली, रोज त्याच गालावर, कारण समोरासमोर बसलं की उजव्या हाताचं बोट तिथेच जातं. तीट लावण्यापुरती संपदा आपली एम.टेक.ची डिग्री सोयीस्करपणे विसरायची.

हात खाली घेताना चाप दाबला गेला. कॉटमागच्या भिंतीशेजारी पाटी उघडली.

त्यावर लिहिलं होतं, 'राहती भिंत, क्रीम'.

संपदानं पुन्हा दाबलं. तेच. नाव तिनेच दिलेलं होतं.

२

"म्हणजे काय झालं नक्की?" मल्हारनं विचारलं. तो घराजवळ हेब्बाळच्याच एका टेक पार्कमध्ये नोकरीला होता, चालत घरी यायचा, आणि आल्या आल्या त्याला असलं काही सांगितलं की बूट न काढता दारातच उभा राहून ऐकायचा.

"म्हणजे आपली भिंत मी बनवलेली आहे, असं ते म्हणतंय."

"ईएमआय मी भरतोय. सांग त्याला."

"मल्हार."

"अगं, बग असेल. दोन लेयर एकमेकांवर आले असतील. त्या फ्लॅटमध्ये तू आपल्याच भिंतीचं स्कॅनिंग वापरलंयस ना?"

वापरलं होतं. गिऱ्हाइकांची तक्रार होती की सॅम्पल फ्लॅट इस्पितळासारखे दिसतात, म्हणून संपदानं कॅमेरा घेऊन स्वानंदीची अख्खी खोली स्कॅन केली होती. भिंतीवरचा खडूचा फराटा, फरशीवरचं दुधाचं पुसट वर्तुळ, गोधडीचे वाकडे टाके, सगळं. नव्या फ्लॅटमध्ये मुलांची खोली विरुद्ध बाजूला होती, तर तिनं पूर्ण खोली आरशात धरल्यासारखी उलटवून बसवली. डावं ते उजवं.

"हो, पण ती तिकडे. इकडे कशी दिसेल?"

"झोप झालीये का तुझी?" मल्हारनं एकदाचा बूट काढला. "आणि स्कॅन केलंस तेव्हा पोरगी कुठे होती?"

"कॉटमध्ये. नुकती झोपली होती. उठवणार कोण तिला?"

ज्यानं एकदा तरी मूल झोपवलंय त्याला हे सांगावं लागत नाही. बोट हळूच सोडवून घ्यायचं, श्वास रोखून मागे सरकायचं, दाराची कडी वाजू द्यायची नाही. एवढं करून झोपवलेलं मूल कुणी टेक्स्चरसाठी उचलत नाही.

"म्हणजे बिल्डरला पोरगीसकट विकलीस खोली."

"काहीतरीच काय? पुसली मी तिला त्यातून. कॉटही पुसली. नुसत्या भिंती, फरशी आणि गोधडी ठेवली."

बोलून झाल्यावर शब्द तिच्या कानांत राहिला. ऑफिसात सगळे असंच म्हणायचे. हे पूस, ते पूस. घरात, स्वयंपाकघराच्या उजेडात तो शब्द वेगळाच ऐकू आला.

झोपण्याआधी तिनं कॉटमागच्या भिंतीवर बोटांची पेरं आपटून पाहिली. भिंत भिंतीसारखी वाजली. आपण भिंतीला 'तू खरी ना?' विचारतोय हे लक्षात येऊन ती स्वतःशीच हसली. खडूचा फराटा मात्र तिला जरा जास्तच स्पष्ट वाटला.

३

उपेंद्र तिचा टीम लीड. त्याचं घराणं कितीतरी पिढ्या बंगलोरच्या जुन्या चामराजपेटेत राहिलेलं, आणि त्याचं मराठी तिथल्या रस्त्यांसारखं, कुठून कुठे वळेल नेम नाही. ऑफिसातल्या प्रत्येक बाईला तो अक्का म्हणायचा, पोरसवदा ट्रेनीलासुद्धा.

"या संपदाक्का. तुमची भिंत बघितली. फस्क्लास."

"खरंच?"

"तीट बरोबर लावलीय. तो खडूचा फराटा." 'तीट' हा शब्द त्यानंच ऑफिसात आणला होता. निर्दोष भिंत कुणाला खरी वाटत नाही. एक डाग, एक ओरखडा पाहिजे. आणि एकच पाहिजे, कारण तोच डाग दुसरीकडे दिसला की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे घर खरं नाही, छापलेलं आहे.

त्यानं हेडसेट चढवला आणि खुर्च्या चुकवत ऑफिसभर हिंडला. मुलांच्या खोलीत पोचल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"ही गोधडी मस्त. पलंगावर अशी उगाच पडल्यासारखी. खाली स्वल्प उंचवटा ठेवलाय ना, तो तर..."

"कसला उंचवटा?"

"गोधडीखाली. कुणी झोपल्यागत. राहू दे हं, सरी? एकदम राहतं घर वाटतं."

संपदानं त्याच्याकडून हेडसेट जवळजवळ ओढूनच घेतला. आतली खोली तिला तोंडपाठ होती. खिडकीतून येणारं ऊन, जे तिनंच एकदा ठरवून कायमचं पक्कं केलं होतं आणि जे कधीच हलणार नव्हतं. बैठा पलंग. गोधडी सपाट होती. तिनं खाली वाकून, बाजूनं, उशाकडून पाहिली. सपाट.

मनाची खात्री करायला तिनं ड्रॉपर गोधडीच्या मधोमध रोखला. गुलाबी तुकडा, पाटीवर गुलाबी रंग. पुन्हा दाबलं. गुलाबी, किंचित गडद. हात हलला असेल. तिनं कोपर टेबलावर टेकवलं, कंट्रोलर दोन्ही हातांत धरला आणि चाप दाबत राहिली.

फिका. गडद. फिका. गडद.

ऊन हलत नाही तिथे सावली हलायचं कारण नाही. गोधडीवर काहीच हलत नव्हतं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण ड्रॉपरला कळत होतं. आणि ती लय संपदाला ओळखीची होती. दीड वर्षं दिवसा, रात्री, अंधारात नाकाखाली बोट धरून तिनं ती मोजली होती. दोन सारखे श्वास, मग एक जरा लांब.

तिनं घरी फोन लावला. ऑफिसच्या दिवशी शेजारच्या प्रेमाक्का स्वानंदीला सांभाळायच्या.

"मलगिद्दाळे, मलगिद्दाळे," प्रेमाक्का कुजबुजल्या. झोपलीये. "कितना शांत सोया आज. हिलताच नहीं."

४

घरी आली तेव्हा स्वानंदी उठलेली होती, हातात अर्धं केळं आणि उरलेलं केसांत. संपदानं तिला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. प्रेमाक्का गेल्यावर तिला बाहेर खुर्चीत बसवून संपदानं हेडसेट चढवला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि रिकाम्या खोलीत दाराशी उभी राहिली.

भिंतीला पाटी. खिडकीखालच्या फरशीलाही पाटी, 'राहती फरशी'. कॉटचा एक पाय, भिंतीकडचा, त्यालाही. दुसरे तीन पाय 'नो मटेरिअल'. गोधडीची एक कड तिच्या स्वतःच्या टेक्स्चरची, उरलेली अजून खरी.

अजून, हा शब्द आपण मनात का वापरला, हे तिला कळलं नाही. ती मुकाट्याने पुढे झाली आणि कॉट ओढत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली.

लेयर असतील. बग असेल. लोह कमी असेल. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, त्या आपण घेत नाही. कारणांची तिला कधीच वाण नसायची. फक्त एक गोष्ट ती करू शकली नाही: बाहेर खुर्चीत बसून केळं थापटणाऱ्या मुलीवर कंट्रोलर रोखणं. दाबलं तर 'नो मटेरिअल' येईल आणि सगळं संपेल, हे तिला पटत होतं. तरी हात उठला नाही.

संध्याकाळी नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. वासंतीबाईंनी नातीला डोळे भरून पाहिलं, दात मोजले, आणि म्हणाल्या, "आज तीट उजव्या गालाला कशी लावली गं?"

"डाव्याच आहे, आई. मोबाईलचा कॅमेरा उलटं दाखवतो."

"असं होय? बरं बाई."

फोन ठेवल्यावर मल्हार कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाला, "समोरच्याला उलटं नाही दिसत. उलटं आपल्यालाच दिसतं, स्वतःचं. तिकडे सरळच जातं."

संपदा वळली. स्वानंदी बापाच्या मांडीशी होती आणि मल्हारनं ओल्या फडक्यानं तिचं तोंड नुकतंच स्वच्छ पुसलं होतं. दोन्ही गाल लाल, चकचकीत, कोरे.

"काय झालं?" तो म्हणाला. "केळं लागलं होतं सगळीकडे."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तीट डाव्या गालावर लावली. मुद्दाम ठसठशीत. मग उपेंद्रला फोन केला.

"मला ती गोधडी काढायचीये फ्लॅटमधून."

"अय्यो, संध्याकाळी लॉक होणार ते. उद्या बिल्डरचे लोक येतात. काय प्रॉब्लेम?"

"काही नाही. जमली नाहीये मला."

"अक्का, तुम्हाला तुमचं काहीच जमलेलं वाटत नाही. संध्याकाळपर्यंत ॲक्सेस आहे, बघा. पण माझं ऐकाल तर काढू नका. सगळ्यांना तीच आवडलीय."

दुपारी स्वानंदी लवकर झोपली. संपदानं नाकाखाली बोट धरलं. गरम वारा. दोन सारखे, एक लांब. मग तिनं हेडसेट चढवला आणि त्या दुसऱ्या खोलीत गेली.

गोधडी निवडायची, पुसायची. दोन हालचालींचं काम. पहिली हालचाल झाली, गोधडीभोवती निळी कड उमटली, आणि तिथे संपदाचा हात थांबला. आधी एकदा आपण न बघता पुसलं होतं. या वेळी बघून पुसू. एवढाच विचार होता. गोधडीचं टोक पकडून तिनं ते वर उचललं.

खाली सावली होती. तिथे सावली असायला नको होती, पण होती, आणि उशीशी थोडी जास्त दाट. त्या दाटीत गालाचा गोल होता. एवढासाच. वरचं सगळं गोधडीच्या घडीत. गालावर काळा ठिपका. ठसठशीत.

कुठला गाल, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. डावा. रोजचं बोट होतं ते.

उलटवलेल्या खोलीत सगळं उलटं होतं, खिडकी, पलंग, खडूचा फराटा, सगळं. हा एक गाल तेवढा सरळ होता.

कंट्रोलर त्या दिशेनंच होता. चाप तिनं दाबला की दाबला गेला, कोण जाणे. पाटी उघडली. त्वचेचा रंग. खाली 'नो मटेरिअल'.

"आई," स्वानंदीनं हाक मारली.

हाक बाहेरून आली होती. खोलीतून, कॉटमधून, रोजच्यासारखी झोपेतली, थोडी चिडकी. संपदानं गोधडीचं टोक सोडलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. भुरकट खोलीच्या पार टोकाला स्वानंदी कठड्याला धरून उभी होती आणि एक हात तिच्याकडे पसरत होती. उजेड मागून, चेहरा अंधारा. कंट्रोलर तिच्यावरच रोखलेला होता.

दाबलं की कळेल.

आणि कळल्यावर? जी कॉटमध्ये उभी राहून आई म्हणतेय, तिचं काय करायचं? तिला कुठे ठेवायचं, कुणाला परत द्यायचं? आणि जी तिकडे आहे, तिला उचलायला हात कुठून आणायचे? हेडसेटमधल्या हातांना वजन नसतं.

"आई, घे."

संपदानं कंट्रोलर खाली टाकला, डोळे मिटले, हेडसेट ओढून काढला आणि तशीच, मिटल्या डोळ्यांनी, भिंतीच्या आधाराने कॉटपर्यंत गेली. मुलगी तिच्या गळ्यात पडली. जड, गरम, दुधाचा आणि झोपेचा आंबूस वास. संपदानं ओढणीचं टोक तोंडात ओलं केलं आणि डोळे न उघडता तिचे दोन्ही गाल चोळून चोळून पुसले. मुलगी रडायला लागली. तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले.

६

गोधडी तिनं काढली नाही. फ्लॅट लॉक झाला. बिल्डरचे लोक येऊन गेले आणि उपेंद्रचा मेसेज आला: मुलांच्या खोलीत सगळे हळू बोलत होते, अक्का, मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालून, पावडर लावून, मुलीला मांडीवर बसवून संपदानं काजळाची डबी उघडली. बोट काळं केलं. रोजची सवय म्हणून मुलगी गप्प बसली आणि तीट लावून घ्यायला तिनं मान वळवली.

उजवा गाल पुढे आला.

बाहेर हेब्बाळच्या तळ्याच्या बाजूनं कुठलासा पक्षी एकसारखा ओरडत होता. मल्हार मोबाईलवर कुणाला तरी "हां, हां, पाठवतो" म्हणत होता. मुलगी मान तशीच वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईकडे बघत वाट पाहत होती. फार वेळ लागला तसं तिनं आपलं इवलंसं बोट उजव्या गालावर ठेवून जागा दाखवली.

संपदानं तिथे तीट लावली. मुलगी खुश होऊन मांडीवरून उतरली आणि बापाकडे पळाली. दारात अडखळली, पडली, आणि रोज पडते तशीच रडली. मल्हारनं तिला उचललं.

दुपारी ती झोपल्यावर संपदानं हेडसेट चढवला. उपेंद्रकडून तिनं ॲक्सेस परत मागून घेतला होता, एक डाग राहिलाय म्हणून. आधी कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि काजळाची डबी उघडून बोट पुन्हा काळं केलं. डाव्या हातात कंट्रोलर घेऊन तो स्वतःच्याच बोटावर रोखला. चाप दाबला. पाटी उघडली. रंगाखाली काय लिहिलं होतं ते तिनं वाचलं नाही, फक्त काळा तेवढा उचलला.

मग ती त्या उन्हात गेली, जे हलत नव्हतं. पलंगाशी बसली. गोधडी पुन्हा उचलायचं धाडस झालं नाही. उशाच्या जरा खाली, जिथे डावा गाल येईल असं तिला वाटलं, तिथे गोधडीवरच तिनं बोटाएवढा एक ठिपका टेकवला. उद्यापासून इथून माणसं हिंडणार, वाकून बघणार, कौतुक करणार. दृष्ट लागायला किती वेळ लागतो.

काम झालं होतं. उठायला हवं होतं. ती तशीच बसून राहिली, कंट्रोलर मांडीवर ठेवून.

गोधडी सपाट होती. ठिपका मात्र हळूच वर आला, खाली गेला. वर आला, खाली गेला. मग एकदा, जरा लांब.